बारा चौकोनांची खाडी

१

खाडी मी चोरली.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. रहस्यकथेत गुन्हेगार शेवटी सापडायचा असतो आणि मला कुणाची शिस्त बिघडवायची नाही. तर सुरुवात इथून धरा: सोमवारी, बारा तारखेला, सकाळी साडेनऊला एक अख्खी खाडी बेपत्ता असल्याचं उघडकीला आलं.

आमच्या कार्यालयात दोन समुद्र आहेत. एक खिडकीबाहेर. त्याच्याकडे कोणी बघत नाही, कारण पडद्यांवर चकाकी येते म्हणून खिडकीला कागद चिकटवलाय. दुसरा संगणकात. आम्ही पगार घेतो तो दुसऱ्याचा. हा समुद्र पाचशे-पाचशे मीटरच्या चौकोनांत कापलेला आहे. रोज पहाटेपासून मॉडेल प्रत्येक चौकोनातलं पाणी किती तापलंय, कुठे वाहतंय आणि पुढच्या पाच दिवसांत काय करणार याचा हिशेब लावतं. नऊ वाजता इशारापत्रक जातं. पाणी तापणार असेल तर चौकोन पिवळा. फारच तापणार असेल तर लाल. जमीन मातकट. समुद्र दरवर्षी जास्त तापतोय, त्यामुळे लाल रंग आमच्याकडे भरपूर खपतो.

साडेनऊला आत्याचा फोन आला.

"अरे, तुमच्या पत्रकात माझी खाडी कुठाय?"

"असेल की. नीट बघ."

"चष्मा लावून बघितलं. चष्मा काढून बघितलं. शेजारणीचा चष्मा लावून बघितलं."

मी पडद्यावर किनारा मोठा करून पाहिला. जिथे आत्याची खाडी आत वळते तिथे किनारा सरळ होता. इस्त्री फिरवल्यासारखा. बारा चौकोन मातकट.

"आत्या," मी म्हणालो, "तू सध्या जमिनीवर आहेस का?"

"मी तराफ्यावर आहे! माझ्या पायाखाली पाणी आहे आणि ते कोमट आहे!"

आत्याची त्या खाडीत शिंपल्यांची शेती आहे. तराफ्याखाली चाळीस दोर लोंबतात, प्रत्येक दोराला तीन वर्षं वाढवलेले शिंपले. पाणी एकतीस अंशांवर गेलं की शिंपले तोंड उघडतात आणि परत मिटत नाहीत. उपाय एकच: दोर सोडून सहा मीटर खाली न्यायचे, तिथे गार असतं. पण एकेक दोर कपाटाएवढा जड. त्यासाठी मच्छीमार संघाची यारीवाली, म्हणजे क्रेन बसवलेली, बोट लागते. आणि यारीवाली बोट फक्त लाल चौकोनात जाते. मातकट चौकोनात बोट पाठवा असं सांगितलं तर संघाचा माणूस हसतो. आत्याला तो सकाळी दोनदा हसला होता.

"पाणी एकतीसला कधी पोचेल?" आत्याने विचारलं.

"ते कसं सांगू? तिथे पाणीच नाही."

फोनवर जी शांतता पसरली ती मी लहानपणी तिची सायकल विहिरीत टाकली होती तेव्हा ऐकली होती.

२

संचालकांना मी खाडी गेल्याचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, बशी सरळ केली आणि विचारलं, "आपल्या जबाबदारीतली होती का?"

"साहेब, समुद्र आपल्याच जबाबदारीत येतो."

"पण आता ती जमीन आहे म्हणतोस."

"ती जमीन नाहीये, साहेब. जमीन दिसतेय."

"दिसतेय म्हणजे आपल्या दृष्टीने आहेच." ते थोडे खूश झाले, मग पुन्हा गंभीर झाले. "चौकशी लागेल. चौकशी अधिकारी तू."

"मी? माझी आत्या आहे तिथे."

"म्हणूनच. तळमळीने करशील. शिवाय तू सगळ्यात नवा. तुझ्यावर कोणाचाही संशय जाणार नाही."

कागदावर सही झाली. मला एक कोरी फाईल मिळाली. तिच्यावर आधी 'हरवलेल्या खुर्च्या' असं लिहून खोडलेलं होतं.

संशयित तिघे. पहिला बोयावाला: तो समुद्रात तरंगती मोजमापयंत्रं सोडतो आणि त्यांची काळजी स्वतःच्या मुलींपेक्षा जास्त करतो, असं त्याच्या मुली म्हणतात. दुसरे नकाशेकाका: कुठला चौकोन पाणी आणि कुठला जमीन ही यादी त्यांच्या ताब्यात. तिसऱ्या मॉडेलवाल्या बाई: संगणकातला समुद्र त्यांनी घडवला, आणि त्याबद्दल कोणी वाईट बोललं तर त्या आठवडाभर बोलत नाहीत.

मी बोयावाल्यापासून सुरुवात करणार होतो. पण तोच माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात पत्रांचा गठ्ठा, चेहरा लाल.

"तू चौकशी अधिकारी ना?" तो म्हणाला. "मग मला आधी एक सांग. मला वेड्यात कोण काढतंय?"

३

आत्याच्या खाडीत आमचा एक बोया आहे. तो दर तासाला पाण्याचं तापमान पाठवतो. ते मॉडेलशी जुळलं तर घेतात. नाही जुळलं तर संगणक आपोआप बोयावाल्याला तक्रारीचं पत्र काढतो. चूक नेहमी बोयाची धरली जाते, कारण मॉडेल महाग आहे.

बोयावाल्याने माझ्यापुढे पत्रं पत्त्यांसारखी मांडली.

"ही बघ पहिली पाच. सत्तावीस ते एकतीस तारखेची. 'आपला बोया सव्वीस अंश दाखवतो. मॉडेलनुसार पाणी अडतीस अंश. बोया नादुरुस्त.' अडतीस! मी गेलो, यंत्र बदललं. परत पत्र. मी गेलो, बदललेलं यंत्र बदललं. परत पत्र. शेवटी पाण्यात स्वतः हात घातला."

"मग?"

"गार होतं रे पाणी! पण माझ्या हाताचं मोजमाप ग्राह्य धरत नाहीत."

"आणि ही बाकीची?"

"एक तारखेपासून दुसराच सूर. 'आपला बोया जमिनीवर आहे. कृपया समुद्रात नेऊन ठेवावा.' रोज! मला वाटलं वादळात किनाऱ्याला लागला. ट्रक काढला, दोन माणसं घेतली, गेलो. बोया मस्त तरंगतोय. एक बगळा बसलाय वर. आम्ही तिघं, बगळा आणि ते पत्र."

"आत्ता बोया काय सांगतोय?"

"एकोणतीस पूर्णांक चार. रोज अर्धा अंश चढतोय. पण कोण ऐकतो? जमिनीवरचा बोया ना तो."

मी बोटांवर मोजलं. गुरुवारी एकतीस. आज सोमवार.

बोयावाला गेला, पण एक गोष्ट डोक्यात राहिली. पत्रं दोन तऱ्हेची होती. खाडी एकतीस तारखेपर्यंत संगणकात पाणीच होती, फक्त उकळत होती. जमीन झाली ती एक तारखेला. आणि एक तारखेला आमच्या कार्यालयात फक्त एकच माणूस काही काम करतो.

४

"झाडू मारतो मी," नकाशेकाका म्हणाले. "दर महिन्याच्या एक तारखेला. त्यात काय गुन्हा?"

काकांचा झाडू म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. पाण्याच्या यादीत बारीकसारीक कचरा साठतो, तो साफ करतो.

"काका, तुम्ही माझ्या आत्याची खाडी झाडली."

"जिभेला काही हाड?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "माझा झाडू समुद्राला शिवत नाही. बावीस वर्षांत शिवलेला नाही. तो फक्त डबकी काढतो."

"डबकी?"

"चारही बाजूंनी जमीन आणि समुद्राशी संबंध नाही, असं पाणी. तळं, डबकं, खड्डा. ते आपल्या खात्याचं काम नाही. तलावांचं खातं वेगळं आहे आणि त्यांच्याशी आपलं बोलणं नाही. झाडू विचारतो: या चौकोनातून पाण्यापाण्याने समुद्रापर्यंत जाता येतं का? येतं तर ठेव. नाही तर माती."

"खाडीतून समुद्रात जाता येतं, काका. आत्या रोज जाते."

"मग झाडू तिला काढणार नाही."

"काढलीये."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, एक तारखेची यादी उघडली आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांचा आवाज उतरला.

"झाडूने अकरा चौकोन काढलेत."

"खाडी बाराची आहे."

"अकरा," काका म्हणाले. "बारावा आधीच गेलेला होता."

मी बाराव्या चौकोनाची जागा बघितली. खाडीचं तोंड. बाटलीच्या मानेसारखं अरुंद, एका चौकोनाएवढंच. तिथे कोणीतरी बूच बसवलं होतं.

तेवढ्यात परत आत्याचा फोन.

"अरे, संघवाला काय म्हणतो ऐक. म्हणतो, गेल्या महिन्याच्या शेवटी तुमच्याकडे पाच दिवस लाल होतं, आम्ही पाच दिवस यारी घेऊन आलो, पाणी गार, तुम्ही आम्हाला हाकलून लावलंत. आता आम्ही येणार नाही."

"तू हाकललंस?"

"गार पाण्यात दोर कशाला खाली सोडू? खाली अन्न नसतं, शिंपले सुकतात. मी म्हटलं, तुमच्या कागदाला ताप आलाय, माझ्या खाडीला नाही."

आत्याला कळत नव्हतं, पण तिने कोडं सोडवून दिलं होतं. खाडी गार का राहते? दिवसातून दोनदा भरती बाहेरचं पाणी आत आणते. तोंड बंद केलं की भरती येत नाही. मग उन्हात ठेवलेली परात आणि ती खाडी यांत फरक नाही. म्हणून संगणकात अडतीस अंश. म्हणून पाच दिवस लाल. आणि तोंड बंद म्हणजे डबकं, म्हणून एक तारखेला झाडू.

बोयावाल्याचं पहिलं पत्र सत्तावीसचं, म्हणजे तोंड सव्वीस तारखेला बुजवलं गेलं. आणि समुद्रात माती टाकायची चावी आमच्याकडे एकाच पाळीकडे असते: सकाळच्या.

५

हे माती टाकणं काय असतं ते सांगतो. अरुंद जागी, मोठ्या भरतीच्या दिवशी, मॉडेलचा कधीकधी तोल जातो. एखाद्या चौकोनात पाणी ताशी नऊशे किलोमीटर वेगाने वाहू लागतं. विमानाएवढ्या वेगाची भरती बघून मॉडेल स्वतःच घाबरतं आणि बंद पडतं. पडद्यावर त्या चौकोनाचे दोन आकडे येतात, बाकी काही नाही. पत्रक नऊला गेलं नाही तर संचालक खाली येतात. ते खाली येऊ नयेत म्हणून सकाळच्या पाळीचा माणूस त्या चौकोनात तात्पुरती माती टाकतो. जमिनीला वेग नसतो. मॉडेल पुन्हा धावतं. दुसऱ्या दिवशी माती काढायची असते.

पाळीच्या वहीत 'माती टाकली' असा रकाना आहे. 'माती काढली' असा रकाना नाही.

मी वही काढली. सव्वीस तारीख. '२१४-८७. माती. पत्रक ८.५८ ला गेलं.' सही नाही. पेन संपत आल्यासारखं फिकट, छापील वळणाचं अक्षर. आकडे लिहिताना आम्ही सगळे असंच लिहितो. पाळीपत्रकात सव्वीस तारखेच्या सकाळपुढे एकच नाव: बाईंचं.

बाई त्यांच्या खोलीत एका बाजूने बिस्कीट खात होत्या.

"बाई, सव्वीस तारखेला तुम्ही एका चौकोनात माती टाकलीत."

"मी?" बिस्कीट थांबलं. "माझ्या मॉडेलमध्ये मी माती टाकेन? तुम्ही पोरं टाकता. जरा अडलं की टाक माती, जरा अडलं की टाक माती. मी असते तर दोन हिशेबांमधलं वेळेचं पाऊल निम्मं केलं असतं, मॉडेल हळू चाललं असतं, पत्रक साडेदहाला गेलं असतं आणि साहेब खाली आले असते तर मी त्यांना बसायला खुर्ची दिली असती."

"पण पाळी तुमची होती."

"कागदावर होती. सव्वीसला माझी दाढ काढली." त्यांनी गाल दाखवला. "आदल्या दिवशी पाळी बदलून घेतली मी."

"कोणाशी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्याच्या डोक्यावर पाल बसलीये आणि त्याला अजून कळलेलं नाही, तसं.

"तू चौकशी अधिकारी आहेस ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मग आठव."

६

मला आठवलं. म्हणजे खाडी आठवली नाही. फोन आठवला. आठ वाजून चाळीस मिनिटं, मॉडेल तिसऱ्यांदा पडलेलं, फोनवर साहेब: "खाली येऊ का?" पडद्यावर दोन आकडे. मी ते कुठले आहेत हे नकाशावर बघितलं नाही. नकाशा उघडायला चार मिनिटं लागतात. मी एकाचं शून्य केलं. एक म्हणजे पाणी, शून्य म्हणजे जमीन. वर्षभरात हे मी साठ-सत्तर वेळा केलंय.

मी तडक काकांकडे गेलो. "काका, गुन्हेगार सापडला. आता बारा शून्यांचे बारा एक करा. दोन मिनिटांचं काम आहे."

"पाच तारखेला यादी कुलूपबंद झाली," काका म्हणाले. "तिमाहीसाठी. आता बदल फक्त किनारा निश्चिती समिती करते."

"समिती कधी बसते?"

"पुढच्या तिमाहीत."

संचालकांकडे गेलो. त्यांनी नियम काढला आणि मला वाचायला लावला. एखादी जागा समुद्र असल्याचा अर्ज करताना त्या जागेच्या पाण्याच्या तापमानाची मागील तीन महिन्यांची, मॉडेलमधील, सलग नोंद जोडावी.

"साहेब, मॉडेलमध्ये ती जमीन आहे. जमिनीला पाण्याचं तापमान कुठून आणू?"

"मग अर्ज अपूर्ण राहील."

"बोयाची नोंद आहे. तासातासाची."

"जमिनीवरच्या बोयाची," साहेब हळवे होऊन म्हणाले. "मला कळतं रे. पण खरा समुद्र असता तर नोंद असती, हे तुलाही पटेल."

"निदान यारीवाल्यांना एक फोन करा. गुरुवारी पाणी एकतीसला जातंय."

"कुठलं पाणी?"

मी फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली. फेकली नाही. ठेवली, पण जरा उंचावरून.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती तराफ्यावर दोराला गाठ मारत बसली होती. पाण्यात बोट बुडवून बघायची आणि पुसायची, परत बुडवायची.

"आत्या, चोर सापडला."

"कोण मेला तो?"

"मी."

तिने गाठ पुरी केली. मग सगळं ऐकून घेतलं. भरती, दाढ, झाडू, समिती.

"म्हणजे माझ्या खाडीच्या तोंडात माती घातलीस ती तू?"

"तात्पुरती."

"तात्पुरती!" ती ओरडली. खाडी अरुंद आहे, त्यामुळे ते तीनदा ऐकू आलं. "तीन वर्षं मी या पोरांना वाढवलं! एकेक दोर हाताने घासला! आणि तू? चार मिनिटं वाचवलीस?"

"दोन. पत्रक आठ अठ्ठावन्नला गेलं."

मी हे का बोललो ते मला आजही माहीत नाही. तिने हातातला दोर माझ्या अंगावर फेकला. ओला दोर जड लागतो.

"रडतोस कशाला आता?" ती थोड्या वेळाने म्हणाली. "रडून दोर खाली जातो का? उद्या सुट्टी टाक. आणि माणसं आण. मिळतील तेवढी."

"हाताने चाळीस दोर?"

"तुझ्याकडे यारी आहे?"

७

किनारा निश्चिती समितीकडे केलेला अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. बोट आली नाही. चौकशीचा अहवाल मी सादर केला आहे. त्यात दोषी म्हणून चौकशी अधिकाऱ्याचं नाव आहे, आणि साहेबांनी त्यावर 'चौकशी अधिकाऱ्याने चौकशी करावी' असा शेरा मारलाय. दाद मागायला आता एकच ठिकाण उरलं होतं. खालचा अर्ज गुरुवारी सकाळी तराफ्यावर, बोयावाल्याच्या वहीत लिहिला.

प्रति,
समुद्र.

विषय: उष्णता पुढे ढकलण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर खाडी आमच्या कार्यालयाच्या नोंदीनुसार जमीन असून प्रत्यक्षात आपण तेथे आहात. ही चूक आपली नाही. ती अर्जदाराची आहे आणि त्याने ती मान्य केली आहे.

मंगळवार व बुधवार मिळून अर्जदार, अर्जदाराची आत्या, एक बोयावाला, नकाशे विभागातील एक ज्येष्ठ कर्मचारी (कंबरेचा पट्टा लावून) व दाढ काढलेल्या एक बाई यांनी चाळीसपैकी सव्वीस दोर हाताने खाली सोडले आहेत. एका दोरास सरासरी पन्नास मिनिटे लागतात. चौदा दोर शिल्लक आहेत. अर्जदाराच्या तळहातांची साले निघाली आहेत. हे सहानुभूतीसाठी नव्हे, अक्षर वाईट आल्याच्या खुलाशासाठी नमूद केले आहे.

आज सकाळी दहा वाजता आपले तापमान तीस पूर्णांक आठ होते. दुपारी दोनपर्यंत आपण एकतीसवर जाल, असे बोयावाल्याचे मत आहे आणि आत्याच्या बोटाचेही तेच मत आहे. त्या वेळात आमच्याकडून पाच दोर होतील. उरलेल्या नऊ दोरांवरचे शिंपले वरच असतील. आत्या त्या नऊ दोरांकडे पाठ करून काम करत आहे आणि कोणाशी बोलत नाही.

आपण गेली अनेक वर्षे आमच्यामुळे तापत आहात, याची अर्जदारास जाणीव आहे. त्याबाबतची आपली तक्रार रास्त असून ती आमच्याकडे नोंदवलेली आहे, फक्त तिच्यावर कार्यवाहीचा रकाना नाही.

तरी समितीची बैठक होऊन, इतिवृत्त कायम होऊन व सुधारित यादी लागू होऊन खाडी अधिकृतपणे पुन्हा पाणी होईपर्यंत, म्हणजे अंदाजे सत्त्याण्णव दिवस, आणि ते शक्य नसल्यास निदान आज दुपारी दोननंतरचे, नऊ दोरांपुरते साडेसात तास, आपण या बारा चौकोनांत तीस पूर्णांक नऊवर थांबावे व तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.